चौसष्टावा हिस्सा

मावशीच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर, जिथे पूर्वी पतसंस्थेचं कॅलेंडर असायचं, तिथे आता माझा एक फोटो लावलाय. बारा बाय अठराचा, मॅट कागदावर, बारीक काळ्या चौकटीत. तिबोटी खंड्या. वाळक्या काठीवर बसलाय, चोचीत खेकड्याचं पिल्लू आडवं धरलंय, पोट हळदीसारखं पिवळंधमक, डोक्यावर जांभळी झाक आणि चोच अशी लाल की आत्ताच पान खाऊन आलाय. मागे काहीच नाही. काळंभोर. गेल्या दिवाळीत मी फराळाला गेलो होतो, तेव्हा मावशी हात पुसत त्या फोटोसमोर उभी राहिली. बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "काय रे बाबू, हे पक्षी रात्रीचे जागे असतात होय?" माझ्या तोंडात चकली होती. ती चावता चावता मी म्हटलं, "हो."

फोटो सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी काढलेला आहे.

एवढंच झालं. लाडू संपले, चहा झाला, मी डोंबिवली स्टेशनवरून जलद लोकल पकडून घरी आलो. पण ते "हो" दातात अडकलेल्या चकलीच्या कणासारखं राहिलं. तिला खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? "नाही गं, सकाळचाच आहे, फ्लॅशमुळे तसा दिसतो." दहा सेकंद. पण मग तिने विचारलं असतं की फ्लॅशने तर उजेड पडतो, मग काळोख कसा? तिथून पुढे मला शटर, अॅपर्चर असं सगळं उकरावं लागलं असतं. आळस केला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. नंतर लक्षात आलं की नुसता आळस नव्हता. तिच्या तोंडून "रात्रीचा" ऐकताना मला आतून बरं वाटलं होतं. फोटो फसवण्यात यशस्वी झाला होता, आणि कारागिराला तेवढं पुरतं.

काळोख कसा झाला ते इथे सांगून टाकतो, कारण तिथे सांगितलं नाही. जुलैचा महिना, कोकणातलं एक वहाळ, वर झाडांची इतकी दाटी की पाऊस थांबून पाव तास झाला तरी पानांतून पडतच राहतो. अशा जागी दिवसाही उजेड कसा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे; माजघरात दार लोटून घेतल्यावर असतो तसा. त्या उजेडात साधा फोटो काढायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) ३२००, शटर सेकंदाचा १/६० भाग उघडं, अॅपर्चर (भिंगाचं भोक; आकडा वाढला की ते लहान होतं) ५.६ असं काहीतरी लागतं. मी लावलं होतं आयएसओ ४००, शटर १/२५० आणि अॅपर्चर ८. म्हणजे आयएसओचे तीन स्टॉप गेले, शटरचे दोन, अॅपर्चरचा एक. सहा स्टॉप. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो, तेव्हा जंगलात खरोखर होता त्या उजेडाचा फोटोत उरला चौसष्टावा हिस्सा. आधी जंगल असं मालवून टाकायचं आणि मग त्या अंधारात आपला दिवा लावायचा. तो दिवाही कॅमेऱ्यावर नव्हता. काठीपासून जेमतेम दीड मीटरवर, एका स्टँडला. मागची झाडी त्या फ्लॅशपासून सहा मीटर. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो; इथे ते चौपट होतं, म्हणून झाडीला मिळाला पक्ष्याच्या सोळावा हिस्सा. हाच फ्लॅश माझ्या कॅमेऱ्यावर, आठ मीटर लांब असता, तर पक्ष्याच्या साधारण चाळीस टक्के उजेड मागच्या झाडीलाही मिळाला असता आणि फोटोत पानं, वेली, ओली दरड असं सगळं थोडंथोडं दिसलं असतं. दिवा पक्ष्याच्या जितका जवळ, तितकं जग त्याच्यापासून लांब. मावशीला काय डोंबल सांगणार होतो मी यातलं.

हा धडा खरं तर मी तिच्याच भावाकडून शिकलेला. मामाचा चिपळूणला फोटो स्टुडिओ होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याचा बिनपगारी लाइटवाला असायचो. त्याच्याकडे मेट्झचा मोठा दांड्याचा फ्लॅश होता, खांद्याला बॅटरीचं ओझं, आणि चार्ज होताना त्यातून येणारा तो बारीक, वर वर चढत जाणारा 'कुंऽऽई' आवाज. अजूनही कुठे तो आवाज आला तर मला मुंडावळ्या, घाम आणि मठ्ठ्याचा वास येतो. दुसरा एक छोटा फ्लॅश माझ्या हातात, काठीला बांधलेला. त्याला स्लेव्ह म्हणायचे. त्याला वायर नव्हती, एक डोळा होता. मामाचा फ्लॅश दिसला की तोही उडायचा. "समोरून मारू नकोस रे बाळा, तोंड पापडासारखं सपाट होतं," मामा म्हणायचा. "बाजूने मार. नाकाची सावली गालावर पडू दे, मग नवरी नवरीसारखी दिसते." तेरा वर्षांच्या मुलाला नवरीच्या नाकाकडे इतकं निरखून बघायची परवानगी असणं ही मोठीच चैन होती. गंमत एवढीच की त्या स्लेव्हला आपला मालक ओळखता यायचा नाही. मुंबईच्या एखाद्या पाहुण्याने आपल्या डबा कॅमेऱ्यातून फोटो काढला की त्याच्या फ्लॅशलाही हा माझ्या हातातून सलाम ठोकायचा. मग ऐन मंगलाष्टकांत मामाला फोटो घ्यायचा असायचा आणि माझा फ्लॅश अजून कुंऽऽई करत बसलेला. मामा तोंडातल्या तोंडात पाहुण्यांचा उद्धार करायचा.

आपल्याकडे फ्लॅश 'मारतात'. टॉर्च मारतात, शिट्टी मारतात, डोळा मारतात, तसा फ्लॅशही. लग्नात हे क्रियापद कधी टोचलं नाही. नवरा-नवरी स्वतः पैसे देऊन मारून घेत असतात.

पक्ष्यांच्या नादाला लागलो तेव्हा मामाचा धडा विसरलो होतो. पहिला फ्लॅश घेतला तो थेट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला आणि सोसायटीच्या आंब्यावर राहणाऱ्या पिंगळ्यावर प्रयोग केला. फोटोत पिंगळा होता, पण डोळ्यांच्या जागी चकचकीत स्टीलच्या टिकल्या. पुढे एकदा घाटरस्त्यावर बसलेला रातवा टिपला, तर त्याचा डोळा चुलीतल्या निखाऱ्यासारखा. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला की उजेड बाहुलीतून आत शिरतो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने सरळ भिंगात परत येतो. रातव्याच्या डोळ्यात तर या कामासाठी आरशासारखा थरच असतो. काळोखात मिळेल तो उजेड दोनदा वापरायची सोय. आपण त्या काटकसरी डोळ्यात बादलीभर उजेड ओततो. उपाय सगळे सांगतात तोच, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि बाजूला धरायचा. परत येणारा उजेड मग भिंगाला चुकतो आणि फोटोतला डोळा छान काळाभोर येतो. डोळ्यात शिरणारा उजेड काही कमी होत नाही. फक्त त्याचा पुरावा फोटोत उरत नाही. हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा मात्र मी लांबचा फ्लॅश वायरशिवाय उडवणाऱ्या रेडिओ ट्रिगरची जोडी मागवून मोकळा झालो होतो.

आणि त्यानंतरचे दोन-तीन पावसाळे मी अक्षरशः वेडा झालो. आंबोलीला जाऊन आलेले लोक कशाने वेडे होतात ते तिथल्या जुलैच्या रात्रीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. धुकं इतकं की टॉर्चचा झोत दांडक्यासारखा घन दिसतो. पायांना जळवा, चष्म्यावर वाफ, कानात बेडकांचा हजार तऱ्हांचा गोंगाट. फ्लॅशवर दुधाची पिशवी रबरबँडने लावलेली, त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर आणि थर्माकोलच्या वाटीचा घरी केलेला डिफ्यूजर. पहिल्या रात्री फ्लॅश कॅमेऱ्याजवळ होता तर प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन फोटोवर कांजिण्या उठल्या. दुसऱ्या रात्री तोच फ्लॅश सोबत्याला बेडकाच्या मागे, थोडा वर धरायला सांगितला. त्या ठिपक्यांच्या चांदीच्या तारा झाल्या आणि मलबारच्या उडत्या बेडकाच्या बोटांमधले पडदे आतून पेटल्यासारखे शेंदरी झाले. बारीक बारीक शिरा दिसत होत्या. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते पाहून मी चिखलात गुडघ्यावर बसलेला, भिजलेला, ओरडलो होतो. तो आनंद खोटा नव्हता. आजही नाही. उघड्या डोळ्यांनी जे कधीच दिसलं नसतं ते त्या एक भागिले दहा हजार सेकंदाने दाखवलं होतं. फ्लॅशची ताकद कमी केली की त्याचा झटका आणखी छोटा होतो, ही त्यातली खरी किमया. पूर्ण ताकदीत तो रेंगाळतो, सोळाव्या किंवा बत्तिसाव्या हिश्श्यावर ठेवला तर टपकन चमकून विझतो. हवेतला थेंब, पंखाचं टोक, सगळं जागच्या जागी थिजतं. गोठवण्याचं काम शटर करत नाही, उजेडाचं तोकडेपण करतं.

त्याच सहलीत शेवटच्या रात्री एक मलबारी चापडा हा साप सापडला. कारवीच्या फांदीवर, वेटोळं घालून, हालचाल शून्य. आम्ही पाच जण होतो. प्रत्येकाने आपापल्या कोनातून घेतला, मग फ्लॅश डावीकडून, मग उजवीकडून, मग मागून. अर्धा तास गेला असेल. चापडा तसाच. "किती शांत आहे," कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "अजिबात त्रास नाही त्याला." मी मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर, पाय झाडून जळवा काढताना, एकदम आठवलं.

सापाला पापण्या नसतात.

त्याने त्रास झाल्याचं दाखवायचं म्हटलं तरी कशाने दाखवावं? हा प्रश्न मी गाडीत कोणाला विचारला नाही. सगळे स्क्रीनवर फोटो मोठे करकरून बघत होते. मीही.

उजेड कॅमेऱ्यापासून दूर ठेवायची कल्पना काही आजची नाही, तिच्यात पहिल्यापासूनच ही खोच आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरस नावाचा वकील होता. तो रात्री होडीत दिवा घेऊन मिशिगनमधल्या तळ्यांच्या काठाने फिरायचा आणि दिव्याकडे टक लावून उभ्या राहिलेल्या हरणांवर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवायचा. उजेडाने हरणाला खिळवून ठेवायची ही युक्ती शिकाऱ्यांची. शिरसने बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एकदम छापले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी संयुक्त प्रांतातल्या (आजचं उत्तर प्रदेश-उत्तराखंड) जंगलवाटेवर तार पसरून ठेवायचा. रात्री वाघ चालत यायचा, तारेवर पाय पडायचा, भडका उडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. चॅम्पियन तेव्हा तिथे नसायचाच. ते फोटो ३ ऑक्टोबर १९२५ च्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजच्या पहिल्या पानावर आले. शिकारीला विरोध करणारा हा माणूस, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचला असं सांगणाऱ्यांत तो पुढे होता. पण जंगलात काळोख्या वाटेने निवांत चाललेल्या त्या वाघाला पायाखाली अचानक दिवस उगवल्यावर काय वाटलं असेल, हे फोटोत कुठे येत नाही. आणि इंग्लंडचा एरिक हॉस्किंग. १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या, लपून फोटो काढायच्या आडोशाकडे रात्री चढत असताना त्या घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. पुढे पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव आलं. एका डोळ्याने आयुष्यभर पक्षी टिपले. आडोशात बसल्यावर या माणसाची आठवण मला हटकून येते आणि मी उगाच चष्मा नाकावर नीट बसवतो.

पण मग नयन खानोलकरचा तो बिबट्या आठवतो आणि माझी सगळी मांडणी डळमळते. २०१६ साली वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेत शहरी विभागात पहिला आलेला. मुंबईच्या आरेतला वारल्यांचा पाडा, घरांमधली अरुंद बोळ, आणि त्या बोळातून, जणू रोजचीच पायवाट असल्यासारखा, चाललेला बिबट्या. तिथेही कॅमेऱ्याबाहेरचे फ्लॅशच होते. फरक इतकाच की त्याने ते असे लावले की बोळात रात्री जसा उजेड पडतो तसाच पडावा. बिबट्यानेही सगळी चौकट व्यापू नये, बोळ दिसावी, भिंती दिसाव्यात, माणसं इथे राहतात हे दिसावं. हवा तसा फोटो मिळायला चार महिने लागले. मी तो फोटो कितीदा तरी पाहिलाय, आणि दर वेळी प्रकाश कुठून येतोय हे शोधायचं विसरून जातो, जे माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत अवघड आहे. त्याने फ्लॅशने जागा उजळली. मी फ्लॅशने जागा पुसली. यंत्र तेच, दुकान बहुधा तेच.

आता त्या सकाळीकडे येतो. जागेचं नाव लिहीत नाही, आधीच फार लोकांना माहीत आहे. वहाळाच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ होतं. हा जेमतेम चिमणीएवढा पक्षी पहिल्या पावसाबरोबर कोकणात उतरतो, दरडीत बोगदा खणतो, आत अंडी घालतो, आणि पिल्लं झाली की दोघं मिळून दिवसभर सापसुरळ्या, पाली, खेकडे, बेडूक असा बाजार करत राहतात. घरात शिरण्याआधी समोर एखाद्या काडीवर क्षणभर टेकून चाहूल घ्यायची याची सवय. ती काडी आडोसावाल्यानेच, म्हणजे फोटोवाल्यांसाठी तिथे आडोसा चालवणाऱ्यानेच, रोवलेली होती. हिरव्या शेडनेटच्या आत आम्ही सहा जण प्लॅस्टिकच्या स्टुलांवर, गुडघ्याला गुडघा लावून. ओल्या रेनकोटांचा आणि ओडोमॉसचा वास, तिवया एकमेकांत अडकलेल्या. काडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोन फ्लॅश, त्यांना उजेड मऊ करणारे चौकोनी सॉफ्टबॉक्स. एक माझा होता. सगळ्यांचे ट्रिगर एकाच चॅनलवर ठेवलेले. म्हणजे कोणीही बटण दाबलं तरी दोन्ही फ्लॅश उडणार. माझा फ्लॅश माझ्या हातात नव्हताच. पाचही जणांसाठी तो सलाम ठोकत होता. मला चिपळूणच्या मांडवात उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त इथे कुंऽऽई आवाज नव्हता. नवे फ्लॅश मुकाट चार्ज होतात.

खंड्या आला. निळी ठिणगी, आणि काडीवर तो. आडोशात सहा जणांचे श्वास थांबले आणि मग पडापडी सुरू झाली. लख्ख, लख्ख, लख्ख. पक्षी दचकला नाही. मी तेच बघत होतो, दचकतो का. मान जराशी वळवली, खेकडा चोचीत नीट केला, बिळात गेला. "सवय झालीय त्याला," आडोसावाला हळूच म्हणाला, "पहिले दोन दिवस येत नव्हता काडीवर. लांब त्या वेलीवर बसून राहायचा. आता बघा." ते तो आम्हाला खूश करायला म्हणाला. दोन दिवस तो खेकडा चोचीत धरून वेलीवर बसून राहिला, आणि आत पिल्लं. एवढंच माझ्या कानात राहिलं. तरी मी उठलो नाही. उलट पुढच्या फेरीसाठी माझा फ्लॅश अर्ध्या स्टॉपने वाढवून घेतला, कारण पोटाच्या पिवळ्याला उठाव येत नव्हता. कोणीतरी विषय काढलाच, की पावसात विजा चमकतात तेव्हा पक्षी कुठे आंधळे होतात. हा युक्तिवाद प्रत्येक आडोशात असतोच, छत्रीसारखा. वीज खंड्याच्या दारासमोर दीड मीटरवर स्टँड लावून उभी राहत नाही, असं मला म्हणता आलं असतं. मी त्याला पारले-जी दिलं.

निघताना, उगाच, हिशेब केला. आमच्या चार तासांत खंड्या अकरा वेळा आला. सहा जण, प्रत्येकी दर खेपेला तीन-चार फोटो धरले तर दोनशे-अडीचशे वेळा तो दिवा उडाला. आणि आमच्या मागे दुपारची तुकडी जेवून तयार होती.

घरी संगणकावर फोटो मोठा करत गेलो. दोनशे टक्के, चारशे टक्के. मागचं जंगल नाहीसं झालेलं. दरड नाही, वहाळ नाही, हिरवं शेडनेट तर नाहीच. पण डोळ्यात सगळं होतं. त्या काळ्या, ओल्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या डोळ्यात दोन पांढरे चौकोन लख्ख दिसत होते. डावीकडचा माझा. दोन सूर्य कसे असतील, म्हणून मी एक पुसला. हे सगळेच करतात; क्लोनचा ब्रश, दोन सेकंद. पण कुठला पुसावा यावर मी पाच मिनिटं घालवली आणि शेवटी माझाच पुसला, कारण दुसरा जास्त गोल दिसत होता. मावशीच्या भिंतीवरच्या खंड्याच्या डोळ्यात जो उजेडाचा ठिपका आहे तो ठाण्याच्या कुणा अनोळखी गृहस्थाच्या फ्लॅशचा आहे.

यंदाच्या जुलैत पुन्हा गेलो. आडोशाकडे नाही, त्याच वहाळाला बरंच खाली, जिथे काडी नाही आणि स्टुलंही नाहीत. फ्लॅश घरी ठेवला, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे तो बॅगेत होता, सेलसकट. दोन दिवस दगडावर बसलो. खंड्या मासळी बाजारातून घाईघाईने घरी निघालेल्या माणसासारखा समोरून सुसाट जायचा, 'चीऽ' करून. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका वेलीवर टेकला. आयएसओ ६४००, शटर १/४०. तीनशेच्या आसपास फोटो आले त्यातले चार बघण्यासारखे, आणि त्यांतही खंड्या धुरकट, चोच थोडी हललेली, रंग पाण्यात विरघळल्यासारखे. पण मागे सगळं आहे. शेवाळ, झिरपणारी दरड, पावसाच्या तिरक्या रेघा, आणि तो हिरवा काळोख, जो काळा नसतो. फोटो म्हणून सुमार आहे. मला अजूनही भिंतीवरचाच जास्त आवडतो, आणि हे कबूल करताना कसंतरी होतं.

गणपतीत मावशीकडे गेलो तेव्हा मोबाइलवर तिला तो दाखवला. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "यात पक्षी कुठाय?" मी बोटाने दाखवला. "हा? हा तर भिजलाय बिचारा." मग मी एकदाचं सांगितलं, की भिंतीवरचाही दिवसाचाच आहे, सकाळी पावणेबाराचा, रात्रीचा नाही. मागच्या वेळी मी उगाच हो म्हटलं. मावशीने भिंतीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, परत भिंतीकडे.

"मग एवढा काळोख आणलास कुठून?"

मी तोंड उघडलं, पण तिला उत्तर नकोच होतं. ती मोदकाची पारी हातावर घेऊन कळ्या पाडत बोलत राहिली. "मला वाटलं रात्रीचाच असणार. आमच्याकडे आला होता ना एक, तो रात्रीचाच आला होता." कुठे, म्हटलं. "गुहागरला. पडवीत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पहिलाच पाऊस, वीज होती कुठे तेव्हा, कंदील टांगलेला. आम्ही जेवायला बसलेलो, तर आला तो आणि कंदिलावर थाडकन आपटला. खाली पडला, केवढासा, असाच लाल चोचीचा. आईला वाटलं मेला." हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि दिव्याच्या ओढीने घरांत शिरतात, हे मी कुठे कुठे वाचलं होतं. माझं खोटं "हो" तिच्या खऱ्या आठवणीवर जाऊन बसलं होतं, म्हणून तर तिने दिवाळीत पुढे काही विचारलं नव्हतं. "मग?" मी म्हटलं.

"मग काय. त्याला जमिनीवरच राहू दिला, वर हारा पालथा घातला. तुझा मामा तेव्हा चार वर्षांचा, तो सारखा हारा उचलून बघायला जाई. शेवटी भाऊ, आमचे वडील, उठले आणि त्यांनी कंदील बारीक केला. एकदम बारीक, वातीचा नुसता लाल ठिपका उरेपर्यंत. आणि आम्ही सगळे तसेच, खरकट्या हातांनी, काळोखात बसून राहिलो, तो आत हलतोय का ते ऐकत."